विसावं बाळंतपण

नगरच्या दवाखान्यात नर्सिंग शिकणाऱ्या केशरच्या केसबुकात एकोणीस बाळंतपणं झाली होती आणि वीस लागत होती. शनिवारी केसबुकांचा गठ्ठा मुंबईला, नर्सांची नोंद ठेवणाऱ्या कौन्सिलकडे जायचा होता, आणि आज शुक्रवार उजाडला होता. जिचं पुस्तक अपुरं तिला परीक्षेला बसू देत नसत. परीक्षा नाही तर रजिस्टरात नाव नाही, आणि रजिस्टरात नाव नाही तर तीन वर्षं बेडपॅन उचलले काय अन् न उचलले काय, सारखंच. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. पण पुणतांब्याला तिचे वडील आसाराम यांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, "ह्या डावाला नाव लागलं न्हाई तर गपगुमान घरी यायचं. पाव्हनं किती दिस थांबत्याल?" आसारामांनी आधी दोन वर्षं पाहुण्यांना थोपवलं होतं. त्यांना तरी किती बोल लावायचा?

आता एखाद्याला वाटेल, नगरसारख्या गावातल्या मोठ्या दवाखान्यात एक बाळंतपण मिळायला काय झालं? पण ते साल दुष्काळाचं. जिल्ह्यातल्या निम्म्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या नाहीतर तलावावर माती वाहत होत्या. एक दिवस खाडा झाला की हजेरी बुडायची. त्यामुळे नववा महिना लागला तरी डोक्यावरची पाटी खाली येत नव्हती, आणि पोरं कामावरच आडोशाला जन्मत होती. दवाखान्यात कोणी यायचं ते अगदीच अडलं तर, आणि अडलेली बाई डॉक्टरांची. ती शिकाऊ मुलींच्या हिशेबात धरत नसत.

लेबर रूमच्या दारावर एक पाटी टांगलेली होती. तिच्यावर मुलींची नावं खडूने लिहिलेली असत. सगळ्यात वर जिचं नाव, पुढची बाई तिची. बाळंतपण झालं की नाव पुसून तळाला जायचं. केशरचं नाव नऊ दिवस सगळ्यात वर होतं. एरवी भाकरीतला तुकडा मोडून देणाऱ्या मैत्रिणी आता जेवायला जाताना तिच्याकडे बघायच्या, ही उठते का म्हणून. केशर उठत नव्हती. दाराबाहेरच्या बाकावर मांडीवर पुस्तक घेऊन पाठ करत बसायची. मूल मृत जन्मण्याची कारणं सात. तोंडीला हमखास विचारतात, असं आढाव सिस्टरांनी बजावलं होतं. आढाव सिस्टर म्हणजे मुलींना शिकवणाऱ्या. कडक, सरळ, आणि त्यांच्या सहीशिवाय केसबुकातलं पान म्हणजे नुसता कागद.

या मुलींची एक खोड होती. केसबुकात एकेका बाळंतपणाला दोन पानं लिहावी लागत, आणि बाळंतपण उरकल्यावर धुणंपुसणं करून कोणाच्या हातात त्राण राहत नसे. म्हणून जे नेहमी तेच असतं ते मुली आधीच शाईने लिहून ठेवत. 'बाळाचे ठोके १४०, नियमित. प्रसूती नैसर्गिक. बाळ लगेच रडले. वार पूर्ण पडली.' नाव, वय, वेळ, वजन तेवढं नंतर भरायचं. सिस्टर रागवायच्या, आणि मुली हो म्हणून पुन्हा तेच करायच्या. केशरची विसाव्या बाळंतपणाची पानं बुधवारीच लिहून तयार होती.

शुक्रवारी दुपारी दोनला जामखेडकडच्या एसटीतून साळूबाई उतरली. सोबत नवरा, सहादेव. दोघं तलावाच्या कामावरची, दोघांच्या अंगावर अजून पांढरी धूळ. लग्नाला सात वर्षं झालेली आणि हे पहिलंच. म्हणूनच सहादेवने कामावरचा आडोसा नको म्हणून उधारउसनवार न बघता नगर गाठलं होतं. कळा चांगल्या होत्या, डोकं खाली होतं, अडलेलं काही नव्हतं. केशरला इतका आनंद झाला की साळूबाईचा हात धरून ती तिला जवळजवळ पळवतच आत घेऊन गेली.

"बाई, दोन दिस झालं, हालत न्हाई," टेबलावर चढता चढता साळूबाई म्हणाली.

"कळा सुरू झाल्या की कमीच हलतं," केशर म्हणाली. पुस्तकात असं काही नव्हतं, पण तोंडातून गेलं खरं.

तिने पोटावर लाकडी नळी टेकवली, कान लावला, श्वास रोखला. ठक ठक आलं ऐकू. जरा लांबून आणि जरा भरभर, पण आलं. आढाव सिस्टरांनी दारातूनच विचारलं, "ठोके?" केशर म्हणाली, "आहेत सिस्टर." सिस्टर दुसऱ्या वॉर्डकडे वळल्या. नाहीत म्हटलं असतं, तर डॉक्टर आले असते आणि पाटीवरचं नाव होतं तिथेच राहिलं असतं. केशर खोटं बोलली असं नाही. तिला खरंच ऐकू आलं होतं.

पावणेचारला मुलगी झाली. सगळं पुस्तकाबरहुकूम, फक्त आवाज नाही. केशरने तोंड पुसलं, पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडाला तोंड लावून फुंकर घातली. सिस्टर धावत आल्या. मागून डॉक्टर आले. त्यांनी मुलीची सोललेली कातडी बघितली आणि हात खाली घेतला. "हे दोन दिवसांपूर्वीच गेलंय, पोटात," एवढं बोलून ते हात धुवायला गेले. म्हणजे नळीतून आलेली ठकठक केशरच्या स्वतःच्याच छातीची होती.

सहादेवने धोतराचं पान फाडून मुलगी त्यात गुंडाळली आणि एकटाच सीनेच्या कोरड्या पात्राकडे गेला.

संध्याकाळी सिस्टरांनी केसबुक मागितलं. आधीच लिहिलेली ओळ वाचून त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "एका रेघेत खोड. वर खरं लिही. मी शेजारी सही करते."

"हे धरतात का, सिस्टर?"

"धरतात. बाळंतपण तूच केलंस. मूल गेलेलं होतं त्याला तू काय करणार?"

केशरला हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं याची तिला इतकी लाज वाटली की सिस्टरांकडे मान वर करून बघवेना. नाव, वय विचारायचं राहिलं होतं, म्हणून ओळ खोडायच्या आधी ती पुस्तक घेऊन वॉर्डात गेली.

साळूबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. नाव सांगितलं, गाव सांगितलं, वय अंदाजाने पंचवीस सांगितलं. मग हळूच वळून म्हणाली, "माज्या पोरीचं लिव्हलंय व्हय ह्याच्यात? वाचून दाव की बाई."

केशरला काहीतरी बनवून सांगता आलं असतं. पण पुस्तक उघडं होतं, अक्षर तिचंच होतं, आणि डोळ्यांपुढे जे आलं ते तिने वाचलं. "प्रसूती नैसर्गिक. बाळ लगेच रडले."

साळूबाई कोपरावर उठून बसली. "म्या ऐकलं हुतं," ती म्हणाली. "समदी म्हनत्यात न्हाई. म्या म्हनत हुते, रडली, म्या ऐकलं." आणि दुपारपासून पहिल्यांदा ती रडली, मोकळी होऊन रडली. केशरने पुस्तक मिटलं. आता काय सांगायचं तिला?

सिस्टरांच्या टेबलावर तिने ती ओळ खोडली. रेघ सरळ आली. वर 'मृत जन्म' लिहिलं. शेजारी सही झाली, आणि शनिवारी गठ्ठा मुंबईला गेला. केशरचे वीस पूर्ण झाले. मैत्रिणींनी तिचं नाव पाटीवर तळाला लिहिलं आणि पुन्हा भाकरीतला तुकडा मोडून देऊ लागल्या. परीक्षेला वीस दिवस होते. ती बाकावर बसून सात कारणं म्हणत राहिली. चौथ्यापाशी अडखळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

सोमवारी सकाळी सहादेव साळूबाईला न्यायला आला. बाराची एसटी होती. दारातच साळूबाईने केशरला गाठलं आणि नवऱ्याला पुढे ओढलं.

"सांगा ह्यास्नी. ह्यांला पटत न्हाई माजं. त्या पुस्तकातलं वाचून दावा."

"पुस्तक मुंबईला गेलं," केशर म्हणाली.

"मंग तोंडानं सांगा. तुमास्नी ठावं हाय की."

खरं काय ते सांगावं, तर साळूबाई समोर उभी होती. तीन दिवसांत तिचं तोंड जरा माणसात आलं होतं. केशरने खाली बघितलं आणि खोडलेली ओळ पाठ म्हटल्यासारखी म्हटली. "बाळ लगेच रडले."

साळूबाईने नवऱ्याकडे बघितलं, झालं का समाधान, अशा नजरेने.

सहादेव रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हातातलं गाठोडं खाली ठेवून म्हणाला, "मला डाक्तर म्हनले, पोटातच गेली. म्या तसंच समजून तिला मातीत ठिवली." मग त्याने केशरकडे बघितलं. "रडली म्हंता. मंग ती गेली कशी?"

केशरने तोंड उघडलं. सातही कारणं सरळ ओळीने आठवली, चौथंसुद्धा. सातही पोटातल्या मुलाची होती. रडलेल्या मुलीचं एकही नव्हतं.

साळूबाईही आता तिच्याकडेच बघत होती. हे तिच्याही मनात आधी आलं नव्हतं. "व्हय की बाई," ती हळूच म्हणाली. "तुमच्या हातात हुती ती. मंग गेली कशी?"

आतून कोणीतरी केशरला हाक मारली. नवी बाई आली होती. केशर तिथेच उभी राहिली, आणि ती दोघंही बाराची एसटी सोडून तिच्या उत्तरासाठी थांबून राहिली.