विहिरीतली पिवळी रेघ

आमच्या कडावला सोनं नाही. एवढं एक वाक्य मी वीस वर्षं सांगतेय आणि वीस वर्षं कुणी ऐकत नाही. सोनाराने सांगितलं, कारखान्यातल्या केमिस्टने सांगितलं, सरकारी साहेबांनी विहिरीत उतरून सांगितलं. तरी अजून आमच्या शेताजवळून जाताना लोक मान वळवून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण गोष्ट कळायला हवी म्हणून एकदाच घेते. हिरामण. यापुढे ‘हे’ म्हणेन.

आमचं घर गावाच्या वरच्या अंगाला आणि नदी पार खाली. होळी झाली की गावविहीर तळाला जायची, मग पाण्याला नदीवर. डोक्यावर दोन हंडे घेऊन तो चढ चढायचा. माझी दोन्ही बाळंतपणं त्या चढावर निघाली, म्हटलं तरी चालेल. दिवस भरत आले तरी हंडा सुटला नव्हता. म्हणून शेतात विहीर पाडायची गोष्ट घरात निघाली तेव्हा माहेरच्या पाटल्या मी आपण होऊन हातातून काढल्या. ह्यांनी मागितल्या नव्हत्या, हेही सांगते. पाणी लागलं की उन्हाळ्यात वांगी-भेंडी लावू, असा ह्यांचा बेत होता. माझा बेत एवढाच, की तो चढ एकदाचा सुटावा.

लडकू मुकादमाची टोळी माघात कामाला लागली. माती गेली, मुरूम गेला, मग काळा दगड लागला. तिथून पुढे सुरुंग. दगड फुटायचा, बायामाणसं तो पाट्यांनी वर काढायची, पुन्हा सुरुंग. तळाला ओल दिसायला लागली तेव्हा लडकू म्हणाला, आता फार नाही, ही एवढी कातळाची पाठ फोडली की खाली पाणी आहे. मी त्या दिवशी टोळीला गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशीच्या सुरुंगाने विहिरीच्या भिंतीत ती रेघ उघडी पडली. बोटभर रुंद, वरून खाली तिरपी गेलेली, पिवळीजर्द. ऊन आत शिरलं की चकाकायची. हे खाली उतरले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मला म्हणाले, हळदकुंकू आण. त्या रेघेला हळदकुंकू लावलं, उदबत्ती खोचली आणि लडकूला सांगितलं,

“आजपास्नं सुरुंग बंद. सोन्याच्या ठिकऱ्या व्हतील.”

लडकूने पुष्कळ समजावलं. असले चमकते दगड त्याने आधीही पाहिले होते. शेवटी वैतागून पहारी-घण गाडीत घातले आणि गेला. पाणी पुरुषभर खाली आणि विहीर बंद. मला तर रडूच कोसळलं, पण ह्यांना वाटलं मी आनंदाने रडतेय.

आधी हे कर्जतला सोनाराकडे गेले. त्याने खडा कसोटीवर घासला, काळपट रेघ उमटली. सोनं नाही, म्हणाला. घरी आल्यावर ह्यांनी त्याचा अर्थ मला सांगितला: सोनाराला फुकट हवं आहे, म्हणून नाही म्हणतो. मी विचारलं, मग तो खडा त्याने परत का दिला? त्यावर हे जेवायला बसले.

तोवर आबाजींना कुणकुण लागली. आबाजी म्हणजे माझे चुलतदीर, त्यांचं शेत आमच्या बांधाला लागून. रेघ तिरपी खाली गेली होती ती नेमकी त्यांच्या शेताकडे. झालं. ज्या बांधावर बसून दोघा भावांनी जन्मभर एकत्र भाकरी खाल्ली, त्या बांधावर दोरी धरून मापं सुरू झाली. वर तुझं असेल पण खाली माझं, असं आबाजींचं म्हणणं. वाटा ठरेपर्यंत पहारीचा घाव पडू द्यायचा नाही, असं त्यांनी चार माणसांत वदवून घेतलं. आबाजींचा थोरला मोहोपाड्याच्या एका कारखान्यात कामाला होता. त्याने एक तुकडा तिथल्या केमिस्टला दाखवला. केमिस्ट म्हणाला, ह्यात लोखंड आणि गंधक, ॲसिड बनवायला लागतं ते. हे ऐकून दोघं भाऊ पहिल्यांदाच एका विचाराचे झाले. कारखानेवाला खरं कशाला सांगेल, म्हणाले.

मग आबाजींनी सरकारात अर्ज केला. वर्षभराने, विहीर कोरडी पडल्यावर, भूगर्भ खात्याचे साहेब आले. मला माहेरचं माणूस आल्यासारखं झालं. आता शिकला-सवरलेला माणूस सांगेल आणि हा खेळ मिटेल, असं मनात धरून मी चहात दूध जास्त घातलं.

साहेब दोराने खाली उतरले, भिंत हाताने चाचपून पाहिली, वर येऊन आमच्या ओटीवर बसले. सगळा गाव जमला होता. त्यांनी चिडचिड न करता, पोरांना सांगावं तसं सांगितलं. हे सगळे डोंगर तव्यावरच्या भाकऱ्या एकावर एक रचाव्यात तसे झालेत. पृथ्वीच्या पोटातून वितळलेला दगड वर आला, पसरला, निवला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. कोंडाण्याची लेणी ज्या दगडात कोरली तोच हा दगड. एवढा डोंगर पोखरला तरी तिथे कुणाला गुंजभर सोनं सापडलं नाही. दगड निवताना भेगा पडल्या, त्या भेगांतून कढत पाणी फिरलं आणि लोखंड नि गंधक ठेवून गेलं. तीच ही रेघ. मग त्यांनी खड्यावर हातोडी मारली. खड्याची भुकटी झाली. सोनं असतं तर चपटं झालं असतं, म्हणाले. भुकटी माझ्या चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली, तर घरभर काडीपेटीचा वास सुटला.

आणि जाता जाता मुख्य गोष्ट बोलले. ह्या घट्ट थराच्या खाली जुन्या थराचा वरचा भाग असतो, सच्छिद्र, भुसभुशीत. पाणी तिथे साठतं. विहीर पुरी करा, पाणी नक्की लागेल. मी त्यांच्या पाया पडायचीच राहिले होते.

साहेबांनी एकच चूक केली. जाताना एक खडा नमुना म्हणून पिशवीत टाकला, पिशवीचं तोंड बांधलं, वर चिठ्ठी लावली.

गाडी वळते न वळते तोच आबाजी म्हणाले, “दगड हाय तं मग बांधून कशाला नेला रं त्यानं?”

एवढ्यावर सगळं फिरलं. भाकऱ्यांचे थर गेले, कोंडाणं गेलं, चुलीतला वास गेला. साहेब आले हाच पुरावा झाला. सोनं नसतं तर सरकार गाडी घेऊन कडावला आलं असतं का? त्या रात्री मी पहिल्यांदा ह्यांच्यापुढे आवाज चढवला.

“अवो, तीन तीन जाणती मान्सं नाय म्हनतात. आजून कोनी सांगायला पायजे?”

“तीनी जनं नाय म्हनतात,” हे शांतपणे म्हणाले, “मंजे काय तरी हाय ना गं?”

भिंतीशी बोलावं तर ती निदान उत्तर देत नाही.

विहीर पावसाळ्यात वरच्या पाण्याने भरायची आणि माघात कोरडी पडायची. मी पुन्हा नदीवर. ह्यांनी सुरुवातीला फुटलेले पिवळे खडे गोळा करून कुठे तरी दडवले होते. कुठे ते मला सांगितलं नव्हतं, कारण बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही. मीही विचारलं नाही. माझ्या लेखी ते दगड होते.

ज्येष्ठ लागला, रोपासाठी राब भाजून झाले होते, पेरायला बी काढायचं म्हणून मी कणगी उघडली. आधी वास आला, तोच काडीपेटीचा. हात घातला तर वरचं भात ठीक होतं, खालचं काळं पडून गोळा झालेलं. तळाला गोणपाट होतं, नुसतं हात लावला तरी फाटत होतं, आणि त्यात करडी-काळी भुकटी. ह्यांनी सोनं बियाण्याच्या कणगीत दडवलं होतं. चोर बियाण्याला हात लावत नाही, हा ह्यांचा हिशेब. पावसाळ्यात ओल धरलेला तो दगड कणगीत कुजत गेला आणि त्याचं ॲसिड भातात उतरलं. साहेब म्हणाले होते, गंधक आहे. पण कणगीत घालू नका, असं सांगायला हवं हे त्या बिचाऱ्याच्या डोक्यात कसं येणार?

खरं सांगते, बियाणं गेल्याचं दुःख मला त्या घडीला झालं नाही. मला आनंद झाला. म्हटलं, आता तरी ह्यांचे डोळे उघडतील. सोनं कधी कुजतं का? मी ह्यांना हाताला धरून कणगीशी आणलं.

हे ती भुकटी बोटांत धरून बसले. चेहरा उतरला. मला वाटलं, कळलं. आणि मग हळूच म्हणाले,

“कोळसं झालं.”

आमच्याकडे मानतात की जमिनीतलं धन ज्याच्या नशिबी नाही त्याच्या हाती लागलं तर त्याचे कोळसे होतात. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण कधी मनात आलं नव्हतं की माझ्या घरात असं वापरलं जाईल. दगड कुजला, म्हणजे तो सोनं होता. आता ह्याच्यापुढे कुठला साहेब आणायचा?

आणि कोळसे झाले तर कुणामुळे? जी पहिल्या दिवसापासून नाही-नाही म्हणत होती तिच्यामुळे. आबाजी पाहायला आले, भुकटी पाहिली, माझ्याकडे एकदा बघून निघून गेले. नदीवर बायका मला जागा करून द्यायला लागल्या, म्हणजे बाजूला व्हायला लागल्या. जी माझ्याबरोबर रोज हंडा घासायची ती आळीतल्या पोशाची बायको म्हणाली, “गप ऱ्हायची असतीस तं?” मी हंडा डोक्यावर चढवला. बोलले असते तर तेही माझ्याच अंगावर आलं असतं.

बियाणं मी भावाकडून खालापुरातून आणलं, वर्ष निघालं. हे मात्र आता एका देवऋषीकडे जायला लागले. त्याने सांगितलं, धन गेलेलं नाही, खाली सरकलंय. विहिरीला कुणी धक्का लावला नाही तर वर येईल. म्हणजे विहीर आता कायमची बंद. हे ऐकलं आणि माझ्यात काही तरी तुटलं. मी लडकूला निरोप धाडला.

लडकू आला, पण घरधन्याच्या शब्दाशिवाय हात लावणार नाही म्हणाला. मी म्हटलं, “माझ्या पाटल्यांचा सुरुंग तुमी आर्धा उडवला. ऱ्हायलेला आर्धा उडवा.” त्यावर तो हो म्हणाला. हे देवऋषीकडे गेले त्या दिवशी टोळी उतरली. आबाजींना कुणी तरी सांगितलं असणार, पण ते आले नाहीत. त्यांच्या लेखी आता तिथे वाटा मागण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन सुरुंग लागले. दुसऱ्यानंतर धूर निवला, लडकू खाली उतरला आणि वर बघून हसला. मी वाकून पाहिलं. तळाच्या तांबूस थरातून पाणी येत होतं, गढूळ, बुडबुडत. मी विहिरीच्या काठावर बसले आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं रडले. संध्याकाळपर्यंत पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी पिवळी रेघ त्याच्याखाली गेली.

हे आले, काठाशी उभे राहिले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे कितीदा तरी वाटलं. हे एवढंच म्हणाले, “बुडवलंस.” आणि घरात गेले.

पाणी गोड निघालं. उन्हाळ्यात वांगी झाली, भेंडी झाली, आळीतल्या बायका हंडे घेऊन आमच्याकडे यायला लागल्या, आबाजींच्या घरच्यासुद्धा. माझ्याशी बोलत नसत, पण पाणी नेत. ह्यांनी मात्र त्या विहिरीच्या पाण्याने गुळणीसुद्धा केली नाही. सकाळी उठून स्वतः हंडा घेऊन नदीवर जायचे आणि आपल्यापुरतं पिण्याचं पाणी घेऊन चढ चढून यायचे. गावात कुठला पुरुष पाणी वाहतो? लोक हळहळायचे. बघा, ही बाई नवऱ्याला कसं वागवते. मी दहा वेळा समजावलं, पाया पडले, एकदा तर नदीचं सांगून विहिरीचं पाणी दिलं. ह्यांनी तोंडाशी नेलं आणि वास घेऊन अंगणात ओतलं.

मागच्या वर्षी ह्यांचे गुडघे गेले. आता काठी टेकून अंगणापर्यंत येतात, पुढे नाही. पहिल्या दिवशी हंडा रिकामा राहिला. दुपारपर्यंत ह्यांनी पाणी मागितलं नाही, तसेच कोरड्या तोंडाने ओटीवर बसून राहिले. विहिरीवर रहाट वाजत होता, बायका पाणी काढत होत्या.

मी हंडा उचलला, विहिरीवरून पुढे गेले आणि नदीकडे उतरायला लागले.