अंबुबाईची साक्ष

अंबुबाईची पंचाईत एकच होती: तिच्या हातून आजवर धड एकही पाप झालं नव्हतं. आणि रविवारी तर तिला पवनेच्या पाण्यात उतरायचं होतं.

नवी ख्रिस्ती मंडळी चिंचवडच्या अलीकडे नदीकाठी, चिंचेखाली भरायची. ढोलकी, टाळ्या, हालेलूयाचा नुसता दणका! अंबुबाई पहिल्यांदा सहज डोकावायला गेली आणि घसा बसेपर्यंत गाऊन आली. तिचा आवाज असा, की जुन्या मिशन मंडळीत पेटीवाले मास्तर चष्म्यावरून तिच्याकडे बघत. तिथं गाणं हळू, प्रार्थना हळू, आणि उद्धवराव पाळकांचा उपदेश असा लांबलचक, की अर्धी मंडळी पेंगायची आणि उरलेली अर्धी पेंगणाऱ्यांना कोपरानं ढोसायची. नदीकाठी कुणी कुणाला गप्प बस म्हणत नव्हतं. तिथून ती घरी यायची ती हसतच, भाकरी थापतानासुद्धा हाताचा ताल सुटत नसे.

पण नव्या मंडळीचा नेम कडक. लहानपणी बाप्तिस्म्याला कपाळावर शिंपडलेलं पाणी त्यांना चालत नसे. मोठेपणी नदीत सबंध बुडी घ्यायची, आणि बुडीआधी सगळ्यांदेखत साक्ष द्यायची: आपण किती वाईट होतो, आपली आधीची मंडळी किती कोरडी होती. एकदा बुडी घेतली की जुन्या मंडळीकडे कायमची पाठ. त्यांचे पुढारी सोपानराव एकेकाळी सुरा घेऊन फिरत. त्यांची साक्ष ऐकताना बाया तोंडाला पदर लावत.

"दारू प्यायचे म्हनून सांगू का?" शनिवारी तिनं नवऱ्याला विचारलं.

ज्योतीराम औषधांच्या कारखान्यात कामाला होता आणि बायकोपुढे फारसं बोलत नसे. "सांग की," तो म्हणाला. "पर तिचा वास कसा असतो, ठावं तरी हाय का?"

"मंग चोरी?"

"शेजारनीबी येनार हायेत. उद्यापास्नं कुनी वाटीभर साखर देनार न्हाई."

शेवटी तिनं ठरवलं, पापांचं जमत नाही तर जुन्या मंडळीचेच वाभाडे काढायचे.

रविवारी पांढरं लुगडं नेसून ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. काठावर ही गर्दी! तिच्या छातीत आनंदानं धडधडत होतं.

"जुनी मंडळी म्हंजी नुसती झोप!" तिनं सुरुवात केली. "आमचे पाळकसाहेब बोलाया लागले की चुलीवरची डाळ करपंल, पर उपदेश संपायचा न्हाई!"

"आमेन!" सोपानराव ओरडले. लोक हसले आणि अंबुबाईला चेव आला.

"आवं, डाळ म्हंजी खरीच डाळ! आमी गावाकडनं आलो तवा खोली मिळंना. जो त्यो जात इचारायचा अन् दार लावायचा. तर पाळकसाहेबांनी चर्चचीच किल्ली दिली. मी प्रभुभोजनाच्या मेजामागं चूल मांडली. अख्खा पावसाळा काढला तितं. ह्यो एवढा धूर, अन् पाळकसाहेब खोकत खोकत उपदेश करत्यात!"

काठ खदखदत होता. तीही हसत होती.

"अन् उपासनेला आले की भाइर हुबे ऱ्हायाचे. सवताच्या चर्चच्या दाराशी! अन् इचारायचे, 'अंबुबाई, येऊ का आत? घर तुमचं आहे.' मी व्हय म्हनल्याबिगर एकदाबी उंबरा..."

ती थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे भरून आले. जन्मात कुणी दिला नव्हता एवढा मान त्या माणसानं आपल्याला दिला, आणि आपण तेच चेष्टेनं सांगतोय! तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या म्हाताऱ्याची माया दाटून आली.

सोपानराव जरा अडखळले. "तर बाई, अशी कोरडी मंडळी सोडून..."

"कोरडी कुटली हो!" अंबुबाई वळून सरळ काठाकडे निघाली. "माफ करा, सोपानराव. तुमचं गानं लाखात एक हाय. पर मी चालले."

"अगं, लुगडं तरी बदल!" ज्योतीराम मागून धावला. थांबतंय कोण! पाणी उडवत, हसत, डोळे पुसत ती बाभळींमधून पळत सुटली. वाटेवरचा एक गाडीवान बैल आवरून बघतच राहिला.

मिशन मंडळीत उपदेश अर्थातच चालू होता. अंबुबाई ओल्या पावलांनी आत शिरली आणि थेट पुढच्या बाकावर जाऊन बसली. पेंगणारे खडबडून जागे झाले. तिच्या बुडीची बातमी सगळ्यांना होतीच.

उद्धवरावांनी पुस्तकातून मान वर केली. "अंबुबाई," ते हळूच म्हणाले, "झाली बुडी?"

"न्हाई, साहेब. गुडघ्यापतूरच भिजले." तिला धाप लागली होती. "येऊ का म्हनून इचारलं न्हाई, तशीच आले. घर माजंच हाय न्हवं?"

उद्धवरावांनी पुस्तक मिटलं. मग ते हसायलाच लागले, आणि त्यांना हसताना बघून सगळी मंडळी.