खालचा मजला आणि वरचा मजला

मित्रांनो, मी एक जुने बाहुलीघर आहे. खरे सांगायचे तर मी त्याचा फक्त खालचा मजला आहे. वरचा मजला कितीतरी वर्षे माझ्यापासून दूर होता. आता आम्ही एकत्र आहोत, पण मी फार थकले आहे. तेव्हा सांगताना मध्येच थांबले, तर सांभाळून घ्या.

सिंदीच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात उरलेल्या सागवानातून एका सुताराने मला घडवले. मालकाच्या मुली माझ्याशी खेळल्या, मोठ्या झाल्या आणि मला विसरल्या. मालक गाव सोडून निघाले, तेव्हा मी अंगणात पडून होते. तिथल्या लक्ष्मणराव नावाच्या कारकुनाने मला उचलले आणि सरकीच्या पोत्यांवर ठेवून बैलगाडीने आंजीला आणले. त्यांना दोन मुली होत्या. थोरली भागीरथा आणि धाकटी कोकिळा. खाली स्वयंपाकघर भागीरथाचे, वर झोपायची खोली कोकिळेची. चिंध्यांच्या बाहुल्या दिवसभर माझा जिना चढत-उतरत. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे दिवस.

पुढे दोघींची लग्ने झाली. भागीरथा आंजीतच राहिली, कोकिळा पवनारला गेली. सत्तरच्या दशकात एका उन्हाळ्यात लक्ष्मणराव आजारी पडले. भागीरथाने त्यांचे सगळे केले, पण बहिणीला निरोप धाडला नाही. कोकिळा आली, तेव्हा वडिलांची राखही सावडून झाली होती. तान्हे मूल कडेवर घेऊन ती ओसरीत उभी राहिली.

"मले काऊन नाई सांगतलं, बाई?" एवढेच ती म्हणाली.

जाताना कोकिळेने माझ्याकडे पाहिले. "बाबाचं मलेबी काही पाह्यजे," असे म्हणून तिने दोन्ही मजले जोडणाऱ्या खुंट्या उपसल्या आणि वरचा मजला छपरासकट घेऊन ती गेली.

मित्रांनो, छप्पर नसलेल्या घराचे पुढे काय होते? मला गोठ्यात ठेवले. एका कोंबडीने माझ्या स्वयंपाकघरात अंडी घातली. तिच्यामागून दुसरी आली. भिंतींना वाळवी लागली, खिडकीचे गज गेले, जिना मोडला. पावसाळ्यात मी फुगत असे, वैशाखात तडकत असे. सुरुवातीला मी कोणाची तरी वाट पाहत होते. मग तेही सोडून दिले.

ऐंशीच्या दशकात एका हिवाळ्यात पवनारहून आलेल्या शेजारणीने सांगितले, की कोकिळा नदीवर घसरून पडली, पाय मोडला, खाटेवर आहे. भागीरथा त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती गोठ्यात आली, कोंबडीला हुसकले आणि मला उन्हात ओढले.

तिचे गुडघे दुखत असत. बसायला वेळ लागे, उठायला त्याहून जास्त. तरी ती रोज बसली. चाकूने घाण खरवडली, राखेने घासले, वाळवी लागलेल्या जागी रॉकेल सोडले. तुराट्या सोलून खिडकीचे गज आणि मोडलेल्या जिन्याच्या पायऱ्या केल्या. जुन्या चपलेच्या कातड्याच्या बिजागऱ्या झाल्या. शेवटी जवसाचे तेल चोळले, तेव्हा काजळीखालून माझी लाल जमीन वर आली. मला मात्र आनंद झाला नाही. इतक्या वर्षांनी कोणी अंगाला हात लावला, की आधी दुखतेच.

"म्हातारपणी भातुकली मांडून राह्यली का?" तिचे यजमान नानाजी हसले.

"कोकिळेकडं जातो," ती म्हणाली. नानाजी हसायचे थांबले.

वर्ध्याला बस बदलून, मला मांडीवर घेऊन ती पवनारला पोचली. कोकिळा प्लास्टरमधला पाय लांब करून पडली होती. तिने बहिणीकडे पाहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

"आता आली? बाबाच्या वक्ताले नाई बलावलं!"

भागीरथा मला छातीशी धरून उभीच होती. "तू वली बाळंतीण होती. मले वाटे, बाबा उठतील. मी रोज उद्या, उद्या म्हणत राह्यली, कोकिळे. अन् मग उद्या काही राह्यलाच नाई."

मग कोकिळेने मान वळवली. माझ्याकडे पाहून नाक मुरडले.

"कोंबडीचा वास येऊन राह्यला याले."

"दोन डाव धुतलं वं!"

कोकिळा हसली आणि हसता हसता रडली. भागीरथा खाटेच्या कडेला बसली, तेव्हा मला वरचा मजला दिसला. कोनाड्याखालच्या चौरंगावर तो होता. कोकिळेने त्याचा देव्हारा केला होता! बाहुल्या झोपत त्या खोलीत बाळकृष्ण होता, अन्नपूर्णा होती. धुराने तो काळवंडला होता. पण रोज कोणाचा तरी हात लागल्यामुळे अजून धड होता.

"आता देव कुठं ठेवू?" भागीरथाने विचारले.

"वर हायेत तिथंच राहू दे. तू हे खाली सरकव."

भागीरथाने मला खाली ठेवले. पण मी फुगलेले, तो आक्रसलेला. खुंट्या बसेनात. कोकिळेचा मुलगा म्हणाला, रंधा मारून घेऊ. कोकिळेने त्याला नको म्हटले. उशी उसवून तिने कापूस काढला आणि बहिणीच्या हातात दिला. भागीरथाने तो फटीत दाबून भरला.

तेव्हापासून आम्ही असे आहोत. वर देव, खाली चिंध्यांच्या बाहुल्या. समईचे तेल कधी माझ्यावर गळते. पवनारची मुले येतात, हात धुऊन माझ्या जिन्यावर बाहुल्या खेळवतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कोपऱ्यात पडलेले काही असेल, तर त्याला एकदा उन्हात काढा. ते पूर्वीसारखे होईल असे नाही. माझी फट अजून आहे. पण तिच्यात कापूस भरलेला आहे, आणि तो जुना झाला की दोघी बहिणी मिळून बदलतात.