थांबायची सवय

सवयीने त्याने गाडी पेट्रोल पंपाकडे वळवली आणि बायकोच्या बाजूचं दार उघडायला हात लांब केला.

"का हो थांबलात?"

"नाही, तुला..."

"मला काही नको. चला पुढे."

ड्रायव्हिंग शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता, पण या रस्त्यावरची स्वच्छतागृहं त्याला तोंडपाठ झाली ती बायकोमुळे. दोन घास खाल्ले की तिचं पोट फुगायचं, कळ यायची, धावत सुटावं लागायचं. "हिला रस्ता दिसला की पोट दुखतं," असं तो चारचौघांत सांगायचा. लोक हसायचे, तीही हसायची. गेल्या वर्षी तिचे वडील अंथरुणाला खिळले, तरी पाच तासांच्या प्रवासाला निघायची तिची छाती झाली नाही. पोचली ती ते गेल्यावर.

आता नव्या डॉक्टरीणबाईंनी दोन आठवडे अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या होत्या. आतड्याचा जुना त्रास आहे, सगळ्यांनाच या लागू पडतात असं नाही, म्हणाल्या. हिला पडल्या. आज आईकडे निघताना ती चक्क पोटभर जेवली होती. त्याच्या घशाखाली मात्र घास उतरला नव्हता.

कारण याच गोळ्या जुन्या डॉक्टरांनी सुचवल्या होत्या, तिचे वडील हिंडतेफिरते होते तेव्हा. रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला होता. "राहू द्या हो, तिच्या मनाचे खेळ आहेत सगळे," म्हणून तो उठला आणि घरी येऊन "काही निघालं नाही" एवढंच बोलला. ते आठवलं की त्याला स्वतःची शरम वाटे.

आज सांगून टाकायचंच, असं मनाशी ठरवून त्याने गाडी परत रस्त्याला लावली. घसा खाकरला.

"अगं, ते आपले जुने डॉक्टर..."

"भेटले होते परवा, भाजी घेताना," ती समोर बघत म्हणाली. "विचारत होते, तेव्हा सुचवलेल्या गोळ्यांचा उपयोग झाला का म्हणून."

त्याचा पाय ब्रेकवर गेला.

"मग? काय म्हणालीस?"

"म्हटलं, झाला ना. ह्यांनी लगेच आणून दिल्या."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. त्याला गिअर सापडेना.

"आईसमोर मात्र बाबांचा विषय काढू नका," काच वर करत ती म्हणाली. "तिथे माझ्याच्याने खोटं बोलवणार नाही."