ताईकडचा

ताई माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी आहे. मावशीची मुलगी. अकरा दिवसांत माणूस असा कितीसा मोठा होतो, हे मी आईला अनेकदा विचारलं आहे. आई म्हणते, "तू जन्मलास तेव्हा ती पालथी पडत होती." हे कुठलाही डॉक्टर मान्य करणार नाही, पण आमच्या घरात ताईबद्दलचं काहीच खोटं ठरत नाही. तिचे स्वेटर तिला आखूड झाले की मला यायचे. सायकल आली, ती पुढच्या टोपलीसकट. दहावीपर्यंत मी टोपलीची सायकल चालवली आणि माझा स्वभाव जो बनला तो बनला.

आता आम्ही एकाच ऑफिसात आहोत. शाळेची पुस्तकं मुलांना टॅबवर वाचता यावीत, हे आमचं काम. मी अक्षरं काढतो, ताई पानं लावते. दोन वर्षं खपून मी एक अख्खा फॉन्ट बनवला. 'झ'च्या पोटाने एकट्याने चार महिने खाल्ले. शुक्रवारी आमच्या ऑफिसच्या प्रमुख मॅडम तो पास करणार होत्या. पास झाला की टॅबवरच्या फॉन्टच्या यादीत फाइलचं नाव दिसणार होतं: 'बारक्या'. हे माझं घरचं नाव. यादीत आपण दिसायचं आणि ताईने नाही, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती.

मॅडमचा नियम एकच. पास झालेल्या फाइलला कुणी हात लावायचा नाही, तिच्या नावालासुद्धा नाही. मागे एकाने पास झाल्यावर 'जरासंच' नीट केलं होतं आणि सातवीच्या भूगोलातल्या सगळ्या वेलांट्या नाहीशा झाल्या होत्या.

मंगळवारी मी ताईच्या टेबलापाशी स्टेपलर मागायला गेलो. तिच्या स्क्रीनवर बेडकाचा धडा होता, माझ्या फॉन्टमध्ये. मी तिथेच थांबलो. ओळी अशा बसल्या होत्या की वाटावं, नुकतीच आंघोळ करून आल्या आहेत. दोन ओळींत मोकळी हवा. मात्रा निवांत, उकार निवांत.

माझ्या स्क्रीनवर तोच धडा होता आणि वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांच्या डोळ्यांत बोटं घालत होते.

"किती छान दिसतोय रे," ताई म्हणाली.

"तुझ्याकडे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"काही नाही. स्टेपलर."

माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते स्टेपलरने थांबणारं नव्हतं. फॉन्ट माझा, झ माझा, आणि देखणा तो तिच्याकडे!

कारण साधं आहे. ऑफिसात काळे संगणक आहेत आणि पांढरे. दोघांची ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी. दोन ओळींत किती जागा सोडायची याचे आकडे फॉन्टच्या आत असतात, पण एकाच खान्यात नसतात. पांढरे संगणक पहिल्या खान्यातला आकडा वाचतात, काळे दुसऱ्या खान्यातला. असं का, हे विचारलं की ऑफिसातली जुनी माणसं खिडकीबाहेर बघायला लागतात. ताईचा संगणक पांढरा. माझा काळा. हे वेगळं सांगायला नकोच.

बुधवारी मी दुसऱ्या खान्यातला आकडा वाढवला. माझ्याकडच्या ओळी सुटसुटीत झाल्या. आता दोघांकडे सारखंच सुंदर. इथे उठून मी घरी जायला हवं होतं. पण 'सारखंच' हा शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिला. मग मी पहिला खाना उघडला. तिथे दोनशे होते. मी आठशे केले.

सगळ्यांना निरोप पाठवला: "बारक्या, नवी फाइल. हीच वापरा." मॅडम शुक्रवारी माझ्या टेबलापाशी येणार, माझ्याकडे देखणा फॉन्ट बघणार, मग सहज ताईकडे डोकावणार आणि म्हणणार, "अहो, तुमच्याकडे असं का?" हे वाक्य मी दोन दिवस मनात ऐकत होतो, मॅडमच्या आवाजात.

शुक्रवारी मॅडम कुणाच्याच टेबलापाशी आल्या नाहीत. बैठकीच्या खोलीत बसल्या आणि त्यांनी पिशवीतून टॅब काढला. मुलांना देणार होतो तसलाच. पांढऱ्यांच्या घराण्यातला.

बेडकाच्या धड्याच्या तीनच ओळी एका पानावर आल्या होत्या. मध्ये एवढी जागा की बेडूक उडी मारून पोचला नसता. मॅडमनी मोठ्याने वाचलं.

"बेडूक... हा उभयचर... प्राणी आहे. तो..." त्यांनी पान उलटलं. "...पाण्यात राहतो." चष्मा वर केला. "ही कविता आहे का?"

"विज्ञान आहे," मी म्हणालो.

"ओळींनी बोलणं टाकलंय का एकमेकींशी? हे नाही चालायचं. आपला जुनाच फॉन्ट ठेवू."

माझी दोन वर्षं टेबलावर पडली होती आणि त्यावर मॅडम चष्म्याचं घर ठेवत होत्या. सांगावं म्हटलं, तर काय सांगणार? ताईवर जळून मी आठशे केले?

"मॅडम, एक मिनिट," ताई म्हणाली. "माझ्याकडे नीट दिसतोय. मी नवी फाइल घेतलीच नाही अजून."

"का घेतली नाहीस?" हे मीच ओरडलो.

"तुझं नवीन मी आठवडाभर तसंच ठेवते. तू मला सायकलचा ब्रेक नीट करून दिला होतास, आठवतंय?" तिने हनुवटीवरची खूण दाखवली.

तिने आपल्याकडची फाइल टॅबवर टाकली. मॅडमनी बेडूक पुन्हा वाचला, या वेळी न थांबता. "सुरेख," म्हणाल्या. "पास."

फाइलचं नाव होतं 'ताईकडचा'. नव्या-जुन्यात गोंधळ नको म्हणून तिने बुधवारीच बदललं होतं.

"मॅडम, नाव तेवढं..."

"वेलांट्या विसरलात?" मॅडम म्हणाल्या.

दुपारी ताईने दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडल्या. मग दोन्हींचा पहिला खाना बघितला.

"आठशे?" तिने हळूच विचारलं.

"हात चुकला."

"बरं," ती म्हणाली, आणि मॅडमना काही सांगितलं नाही. म्हणजे चांगुलपणातही ती अकरा दिवस पुढेच.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मावशी सांगत होती, ताईच्या नावाचा फॉन्ट निघाला म्हणे? तू होतास का तिच्या मदतीला?"

"होतो," मी म्हणालो.

पास झालेली फाइल ही जुनी, त्यामुळे माझ्या काळ्या संगणकावर तिच्यातले उकार अजूनही डोळ्यांत बोटं घालतात, आणि नियमाप्रमाणे ते कायम घालतील. सोमवारी मी अर्ज केला: मलाही पांढरा संगणक मिळावा. मॅडमनी लगेच मंजूर केला.

"बरं झालं विचारलंत," त्या म्हणाल्या. "ताईंना नवा येतोय. त्यांचा जुना तुम्ही घ्या."