पाठीवरची बत्तीस तिकिटं

शिवमूर्ती आण्णांनी पोस्टात छत्तीस वर्षं टपाल वेगळं केलं, पण जीव लावला तो एकाच पाकिटाला. १९२३ च्या नोव्हेंबरात जर्मनीहून निघालेलं पाकीट. तिथं महागाईनं तेव्हा असा उच्छाद मांडला होता की साध्या पत्राला कोट्यवधी मार्कांची तिकिटं लागत. पुढं जागा पुरेना म्हणून लोक ती मागं डकवत. आण्णांच्या पाकिटाच्या पाठीवर अशी बत्तीस तिकिटं होती, प्रत्येकावर शिक्का. पुढं नुसता पत्ता. तीस वर्षं जमवलेली संस्थानी तिकिटं देऊन त्यांनी ते मिळवलं होतं.

गावातल्या तिकीट-संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनासाठी ते देताना चिटणीस उदयसिंहाला त्यांनी तीनदा बजावलं होतं, पाठ दिसू दे आणि गोंद लावू नको. उदयसिंहानं तीनदा मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

उद्घाटनाला आण्णा पोचले, तर पाकीट भिंतीवर झकास फ्रेममध्ये. पत्ता पुढं, आणि पाठ पुठ्ठ्याला गोंदानं गच्च चिकटवलेली. आण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पंख्याच्या वाऱ्यानं हालत हुतं आण्णा, म्हणून घट्ट बसवलं की," उदयसिंह म्हणाला, तेही वर उपकार केल्यासारखं.

आता सोडवायचं कसं? ओढलं तर तिकिटं फाटणार. पाण्यात घातलं तर ती पाकिटापासूनही सुटणार, आणि सुटी तिकिटं कवडीमोल. त्यांची सगळी किंमत त्या पाकिटावर असण्यात. हे सांगायला आण्णा तोंड उघडतायत तोवर माईकवर त्यांचंच नाव पुकारलं गेलं. पहिलं बक्षीस. परीक्षक तर या दुर्मिळ तिकिटांवर पाच मिनिटं बोलले. डोळ्यांनी न बघितलेल्या तिकिटांवर! माणसाला जनाची नाही तर मनाची तरी असावी.

आण्णा व्यासपीठावर गेले. खांद्यावर पडणारी शाल त्यांनी हातानंच अडवली.

"पावणं, माझ्या पाकिटावर तिकिटं किती हाईत, तेवढं सांगा की."

परीक्षकांनी भिंतीकडं बघितलं, मग उदयसिंहाकडं.

आण्णांनी फ्रेम उतरवली, काखोटीला मारली आणि भर उन्हात मंगळवार पेठेपर्यंत चालत आले. दारातच त्यांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, बक्षीस मिळालं का म्हणून विचारलं.

"मिळालं," आण्णा म्हणाले, "पुठ्ठ्याला."