रिकामी चरवी निघाली

मी चरवी बोलतेय. पितळेची, दोन शेर दूध मावणारी, पोटाला एक पोचा असलेली. तो कसा पडला ते विचारू नका. मालकीण चंद्राबाईंचा राग हा आमचा घरचा मामला आहे. त्यांच्या लग्नात आंदण म्हणून मी कुंडल गावात आले.

माझे धनी आकाराम पलटणीत हवालदार होते. लढाई संपली, ते घरी आले आणि वर्षाच्या आत छातीत कळ उठली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "काळीज नाजूक झालंय. पण रोज सावकाश अर्धा कोस चाला. बसून राहाल तर खचाल."

धनी एकच दिवस चालले. पारावर बसलेल्या नाथाजीनं विचारलं, "हवालदार, कुठं निघालासा?" आता रानात, बाजाराला, असं काहीतरी सांगावं लागतं की. बिनकामाचा चालणारा आमच्या गावात खुळा ठरतो. धनी वरमले आणि माघारी फिरले.

भीतीही होतीच. चार पावलं टाकली की हात छातीवर जायचा, ठोका चुकला का बघायला. मग ते दिवसभर सोप्यात तसेच बसून राहू लागले. मला फार वाईट वाटायचं.

ओढ्यापलीकडे हाफिज कल्हईवाला राहायचा, धन्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्याची लेक रशीदा बाळंत झाली, तशी चंद्राबाईंनी मला भरून धन्यांच्या पुढ्यात ठेवलं. "आवं, एवढं दूध तिला पोचवा. मी धारंत गुतलीय."

बाळंतिणीच्या दुधाला नाही कोण म्हणणार? धनी उठले. डाव्या हातात मी, उजव्या हातात काठी. छातीवर ठेवायला हातच उरला नाही. दूध हिंदकळू नये म्हणून सगळं लक्ष माझ्याकडे. नाथाजीला द्यायला उत्तरही मिळालं.

पाच महिने आम्ही रोज गेलो. धन्यांच्या तोंडावर तजेला आला. मग एक दिवस त्यांना हाफिजच्या परसात व्यालेली म्हैस दिसली.

"ही कुणाची रं?"

"आमचीच. दोन म्हयनं झालं."

"मग माझं दूध कशाला घेत हुतास?"

हाफिजनं मान खाली घातली. "वैनी म्हणल्या, दूध थांबलं तर तू बी थांबशील. दूध काय, कुठं बी मिळंल गड्या. तुझ्यासारखा दोस्त कुठनं आणायचा?"

धनी घरी आले आणि त्यांनी मला फळीवर पालथं घातलं. तीन दिवस पुन्हा सोपा, पुन्हा छातीवर हात.

"मला फसिवलंस," ते म्हणाले.

"व्हय, फसिवलं," चंद्राबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या कुंकवासाठी फसिवलं. परत फसवीन."

चौथ्या दिवशी सकाळी धन्यांनी मला खाली काढलं. चंद्राबाई दूध आणायला उठल्या.

"ऱ्हाऊ दे. रिकामीच बरी."

पारापाशी नाथाजी होताच. "चरवी रिकामी दिसती. कुठं निघालासा?"

धनी थांबले.

"कुठं न्हाई. चालाय निघालोय. काळीज दुखणाईत हाय माझं, त्याला चालवाय लागतंय."

नाथाजीनं पारावरून उतरून वहाणा घातल्या. "चला, वड्यापतोर मी बी येतो."

त्याला आता दोन वर्षं झाली. माझ्यात दुधाचा थेंब नसतो, तरी दर दिवाळीला हाफिज मला आतून कल्हई करतो. तुमच्या घरी कुणी छातीवर हात धरून बसलं असेल, तर त्या हातात काहीतरी द्या. मला मात्र उसनी मागू नका. सकाळी आम्हाला जायचं असतं.